बंद दाराचे नऊ दिवस

संस्थेला शंभर वर्षं पूर्ण व्हायला आठ महिने उरले, तेव्हा कार्यकारी मंडळातल्या कुणाला तरी आठवलं, की आपला इतिहास कुणी लिहूनच ठेवलेला नाही. वार्षिक अहवाल होते, पण ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली कधीचीच हरवलेली. मग सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळली. खटखटला विचारा.

खटखट हे तिचं खरं नाव नव्हे. बाविसाव्या वर्षी ती संस्थेच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. दिवसभर तिच्या मशीनची खटखट चालायची, म्हणून बालगृहातली पोरं तिला खटखट म्हणू लागली. मग स्वयंपाकघरातल्या बायका म्हणू लागल्या, मग सिस्टर, आणि शेवटी पोस्टमनसुद्धा पत्रं टाकताना ‘खटखटबाई आहेत का’ म्हणून विचारायचा. लग्नाचं जमता जमता राहून गेलं. अडतीस वर्षं नोकरी करून ती निवृत्त झाली, त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या घरात ती आणि तिची भाची, दोघीच राहायच्या. भाची दाताच्या दवाखान्यात कामाला होती.

नवा संचालक स्वतः घरी आला. चाळिशीचा, हसतमुख, बोलायला गोड माणूस. “बाई, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? साठ-सत्तर पानं लिहा. सोपं लिहा. लोकांना वाचून बरं वाटलं पाहिजे.”

तिला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. निवृत्त माणसाला कुणी कामासाठी दार वाजवलं, की त्याला चार वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटतं. कुलूप फोडून कपाट उघडलं, अहवालांचे गठ्ठे रिक्षातून घरी आले, आणि जुनी मशीन पलंगाखालून बाहेर निघाली.

सुरुवातीची पानं झरझर झाली. दोन सख्ख्या बहिणी, दोघी परिचारिका, परदेशातून बोटीने आल्या. शहरात त्यांना कुणी जागा देईना. शेवटी चामड्याच्या एका व्यापाऱ्याने नदीकाठचं रिकामं गोदाम दिलं. चुन्याचे चार हात दिले तरी कातड्यांचा वास जाईना. लोक त्या जागेला कातडीघर म्हणू लागले, आणि दारावर दगडात कोरलेलं संस्थेचं लांबलचक नाव कुणाच्या तोंडी कधी बसलंच नाही. पहिले चार महिने औषधाला कुणी फिरकलं नाही, कारण ते औषध प्यायलं की धर्म बुडतो अशी आवई उठली होती. मग एका गवंड्याची बायको अडली. दोन दिवसांनी सुईणींनी हात टेकले. गवंड्याने तिला फळीवर घालून कातडीघरात आणलं. धाकट्या बहिणीने बाळ-बाळंतीण दोघांची सुटका केली, आणि त्या आठवड्यापासून दारात रांग लागली ती लागलीच.

थोरली बहीण सहाव्या वर्षी तापाने गेली. धाकटी नव्वदीपर्यंत जगली. तिने संस्थेला एकच नियम घालून दिला. दारात आलेल्या माणसाला आधी आत घ्यायचं, नाव-गाव मग विचारायचं. त्या नियमावर सगळं उभं राहिलं. दवाखाना झाला, टाकलेल्या मुलांसाठी बालगृह झालं, विधवांसाठी शिवणवर्ग झाला. महापुराच्या वर्षी सिस्टर लोकांनी दवाखान्याची दारं बिजागऱ्यांवरून उतरवून त्यांचे तराफे केले होते. खटखटने हे सगळं रंगवून लिहिलं. संध्याकाळी भाचीला वाचून दाखवायची. भाची हसायची, कधी डोळे पुसायची.

मग त्रेपन्नावं वर्ष आलं आणि मशीन थांबली.

त्या वर्षीचा अहवाल तिनेच टाइप केला होता. दुसऱ्या पानावर सहावी ओळ होती : ‘साथीच्या कठीण काळातही संस्थेच्या सेवेत एक दिवसही खंड पडला नाही.’ ती ओळ तिने दोनदा वाचली. पान पालथं घालून ती उठली. त्यानंतर तीन आठवडे तिने मशीनला हात लावला नाही.

“मावशी, झालंय काय तुला?” भाचीने एका रविवारी धरून बसवलं. “पुस्तक लिहितेस की उपास करतेस?”

“त्रेपन्नाव्या वर्षावर अडलंय.”

“मग चोपन्नाव्यावर उडी मार. कोण मोजतंय?”

“अगं, अहवालात खोटं आहे आणि ते मीच टाइप केलंय,” खटखट म्हणाली. मग सत्तेचाळीस वर्षांत जे तिने कुणापाशी काढलं नव्हतं, ते त्या दिवशी भाचीपुढे काढलं.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. शहरात साथीचा ताप आला. अंगावर पुरळ उठायचं, आणि चार-पाच दिवसांत धडधाकट माणूस संपायचा. कातडीघराच्या बालगृहात तेव्हा चौतीस मुलं होती, सगळ्यांत मोठं दोन वर्षांचं. डॉक्टर फाटकातूनच ओरडून सांगून गेले, की तापाचा एक माणूस जरी आत आला तरी यातलं एक मूल हाताला लागणार नाही. संस्थेच्या प्रमुख तेव्हा मोठ्या सिस्टर होत्या. उंच, कडक, पण लेकरांसाठी जीव टाकणाऱ्या. त्या दिवसभर प्रार्थनाघरात बसून राहिल्या. संध्याकाळी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “दार लावा.” त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा दाराला अडसर बसला. आतले आत, बाहेरचे बाहेर.

दाराला हातभर रुंदीची एक झडप होती. येणाऱ्याशी त्या झडपेतून बोलायचं काम खटखटवर आलं, कारण तिचं अक्षर चांगलं आणि आवाज स्पष्ट. सांगायचं एवढंच : इथे जागा नाही, पुलापलीकडच्या सरकारी दवाखान्यात जा. जागा होती. तेरा खाटा धुतलेल्या चादरी घालून रिकाम्या पडल्या होत्या.

नऊ दिवसांत अकरा माणसं आली. सहाव्या दिवशी, दुपारचे तीन वाजले असतील, एक म्हातारी भिंत धरत धरत आली. खटखटने तिला लगेच ओळखलं. ती आक्कांची आई होती.

आक्का म्हणजे कातडीघराची स्वयंपाकीण. खटखटपेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. त्या त्याच वेळी तिथून वीस पावलांवर, भिंतीआड, पोरांसाठी दूध तापवत होत्या. म्हातारी पुलापलीकडे राहायची. दर रविवारी लेकीचे कपडे रफू करून मागच्या दाराने आणून द्यायची. खटखटच्या एका झग्याची बाहीसुद्धा तिने शिवून दिली होती.

“आणि तू?” भाचीने विचारलं.

“जागा नाही म्हणाले. पुलापलीकडे जा म्हणाले. आणि झडप लावली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी पुलाच्या कठड्याला टेकून मेलेली सापडली. साथ ओसरून दहाव्या दिवशी दार उघडलं तेव्हा शेजाऱ्याने आक्कांना बातमी दिली. पूल म्हातारीच्या घराच्या आणि कातडीघराच्या मधे. ती कातडीघराकडे येत होती आणि वाटेत कोसळली, असंच सगळ्यांनी धरलं. ती येऊन परत चालली होती, हे फक्त दोघींना ठाऊक होतं. म्हातारी आली त्या संध्याकाळीच खटखटने मोठ्या सिस्टरना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “आक्काला कळू देऊ नकोस. ती दार उघडेल.” दार उघडल्यावर मात्र सांग, असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि हिनेही विचारलं नाही. वर्षाअखेरीला ती अहवालातली ओळ मोठ्या सिस्टरनीच सांगितली. सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. सांगून झाल्यावर मात्र त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या. पुढे पाच वर्षांत त्याही गेल्या, आणि जाणणारी एकटी खटखट उरली.

चौतीसच्या चौतीस मुलं वाचली, हेही तितकंच खरं.

आणि आक्का? आक्कांनी पुढे तीसेक वर्षं खटखटला रोज दुपारी ताट वाढलं. मधूनच, डाव हातात धरून, त्या म्हणायच्या, “पुलापर्यंत आली होती बघ माझी आई. अजून चार पावलं टाकली असती तर वाचली असती. मोठ्या सिस्टरनी तिला नक्की आत घेतलं असतं, माझी आई म्हणून.” आणि खटखट मान खाली घालून जेवायची. घास तोंडात फिरायचा, पण ती तो गिळायची.

सगळं ऐकून भाची म्हणाली, “मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची. आक्का आता त्र्याऐंशीच्या. कशाला उकरतेस?”

सल्ला शहाणपणाचा होता. पण मशीनपुढे बसलं की हात चालेना. खरं लिहायचं तर आधी आक्कांना सांगायला हवं, त्यांना ते पुस्तकातून कळता कामा नये, हे तिच्या मनाने घेतलं. आणि खरं सांगायचं तर, ओझं टाकायची घाईही होती. ते तिला तेव्हा कळलं नाही.

आक्का आता कातडीघराच्याच वरच्या मजल्यावर, वृद्ध बायकांच्या वॉर्डात होत्या. आठ खाटा होत्या. त्यांची भिंतीलगतची. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते, पण कान तिखट. खटखट सहा वर्षं दर गुरुवारी मऊ बिस्किटं घेऊन जायची. जिन्यातल्या पावलांवरूनच आक्का ओळखायच्या.

“ये गं खटखट. आज पाय जड टाकतेस. गुडघा का?”

“गुडघा नाही, आक्का. तुम्हाला काही सांगायचंय.”

तिने सांगितलं. घरून वाक्यं जुळवून आली होती, ती सगळी विसरली. जसं आलं तसं सांगितलं. आक्कांच्या हातात बिस्किट होतं. त्यांनी ते तोंडाकडे नेलं नाही, खालीही ठेवलं नाही.

“दारापर्यंत आली होती,” आक्का म्हणाल्या.

“हो.”

“पूल ओलांडून. आपल्या दारापर्यंत.”

“हो, आक्का.”

“आणि मी आत होते.”

खटखटला रडू फुटलं. आक्कांना फुटलं नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “हे सांगायला तू सत्तेचाळीस वर्षं थांबलीस. अजून दोन वर्षं थांबली असतीस, तर मी गेले असते. मी काय समजून जगत होते ठाऊक आहे ना तुला? तेवढं तरी ठेवायचं होतंस माझ्यापाशी.”

“पुस्तकात खोटं जाऊ नये म्हणून, आक्का...”

“बैल गेला आणि झोपा केला. जा तू आता.”

त्या भिंतीकडे वळल्या. बिस्किट चादरीवर पडलं. खटखट जिना उतरली, पण छातीवरचं ओझं उतरेल असं जे वाटलं होतं ते काही उतरलं नव्हतं. ते दोघींत वाटलं गेलं होतं, इतकंच. पण वाटून ते निम्मं झालं नाही. दोघींनाही सगळंच आलं.

पुढच्या गुरुवारी ती गेली, तर वॉर्डातल्या सिस्टरने दारातच अडवलं. आक्का पाच दिवस धड जेवल्या नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, तुम्हाला आत सोडू नका म्हणून सांगितलंय. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. खटखटने बिस्किटांचा पुडा दारालगतच्या खाटेवरच्या बाईला दिला आणि परत आली. घरी भाचीने तिचं ताट वाढलं. ‘तरी मी म्हणत होते’ हे शब्द ओठांपर्यंत आलेले दिसत होते, पण तिने ते मागे घेतले. पोरगी गुणाची होती.

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला, की आक्कांनी बोलावलंय.

आक्का उशीला टेकून बसल्या होत्या. पंधरा दिवसांत माणूस इतकं वाळतं हे खटखटने कधी पाहिलं नव्हतं. “बस,” त्या म्हणाल्या. “लिहिणार आहेस ना?”

“तुम्ही नको म्हणाल तर नाही.”

“लिही. पण ‘एक म्हातारी’ असं लिहू नकोस. माझ्या आईला नाव होतं.” आक्कांनी आईचं नाव सांगितलं, तिच्या वडिलांच्या नावासकट, आणि नीट लिहिलं जावं म्हणून अक्षर अक्षर सोडवून पुन्हा एकदा सांगितलं. “आता जा.”

ते प्रकरण तिने दोन दिवसांत लिहिलं. साडेतीन पानं. मोठ्या सिस्टरना दोष दिला नाही, स्वतःला सोडलं नाही. चौतीस मुलं वाचली हेही लिहिलं. आलेली अकरा माणसं तिने आठवून आठवून मांडली. पाच जणांची नावं तिला माहीत होती. बाकीच्यांची तिने विचारलीच नव्हती.

संचालकाने पुस्तक वाचून तिला कचेरीत बोलावलं. टेबलावर तिची टाइप केलेली पानं, त्यात पेन्सिलीची एक खूण.

“बाई, सुरेख झालंय. तराफ्यांचं वाचताना माझ्या अंगावर काटा आला. फक्त ही साडेतीन पानं...”

“खरी आहेत.”

“असतील हो. पण शंभर वर्षांत नऊ दिवस म्हणजे काय? समारंभाला मुख्य कार्यालयाचे लोक येणार, शहरातले मोठे लोक येणार. शितावरून भाताची परीक्षा करायची का?”

“परीक्षा करा म्हणत नाही मी. ते शीत होतं, एवढं तरी राहू द्या.”

“विचार करतो,” तो म्हणाला. आणि त्याने केलाही असेल, तो काही वाईट माणूस नव्हता. पण पुस्तक छापून आलं तेव्हा साडेतीन पानांच्या जागी एकच ओळ होती : ‘साथीच्या काळात संस्थेला काही निर्बंध पाळावे लागले.’ मुखपृष्ठावर तिचं नाव होतं, पूर्ण आणि बिनचूक.

समारंभात तिला शाल दिली. दोन शब्द बोला म्हणाले. ती ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिली, समोर पाचशे माणसं, पहिल्या रांगेत भाची डोळे मोठे करून बघत असलेली. तिच्या मनात आलं, आत्ता सांगावं. तोंडही उघडलं. आणि तोंडातून निघालं काय, तर “मी सर्वांची आभारी आहे.” टाळ्या झाल्या. तिची भीड चोविसाव्या वर्षी चेपली नव्हती, ती एकाहत्तराव्या वर्षी कुठून चेपणार?

गुरुवारी ती पुस्तक घेऊन आक्कांकडे गेली. पिशवीत स्वतःची टाइप केलेली साडेतीन पानंही होती. वाटेत तिच्या मनात एक विचार घोळत होता. आक्कांना दिसत नाही. पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं, चाचपू द्यायचं, आणि वाचायची आपली पानं. छापलंय असं समजून त्या निवांत मरतील. कुणाचं काय जातंय?

आक्कांनी पुस्तक हातात घेतलं, पाठ-पोट चाचपलं, वास घेतला. “वाच.”

खटखटने पानं काढली. पहिली ओळ वाचली. आणि थांबली.

“का गं?”

“आक्का, यात ते छापलं नाही. काढून टाकलं त्यांनी. मी माझ्या कागदावरून वाचत होते.”

आक्कांचा हात मुखपृष्ठावरून फिरला. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं. “मला कळलं असतं का?” त्यांनी विचारलं.

“नसतं.”

“हं. मग कागदावरचंच वाच.”

तिने सगळं वाचलं. आईचं नाव आलं तिथे आक्कांचे ओठ हलले. वाचून संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहिलंस बरोबर. पण माफ केलं हे माझ्या तोंडून निघणार नाही, खटखट. वाट बघू नकोस.”

“नाही बघत.”

“आणि एक राहिलंय. तिला शेवटचं पाहणारी तूच. ती माझ्याबद्दल काही बोलली का?”

हाच प्रश्न खटखटला नको होता. भाचीला सांगताना, आक्कांना सांगताना, लिहितानाही हीच एक गोष्ट तिने मागे ठेवली होती. ‘काही नाही’ म्हणायला एक क्षण पुरला असता.

“बोलली,” ती म्हणाली. “म्हणाली, माझी लेक आत चुलीपाशी आहे. मला आत घेऊ नका, हरकत नाही. तिला फक्त झडपेपाशी बोलवा. लांबून तोंड बघते आणि जाते.”

आक्कांच्या घशातून एक आवाज आला, मोठा नाही. दोन खाटा पलीकडची बाई उठून बसली.

“आणि तू बोलावलं नाहीस.”

“तुम्ही दार उघडलं असतंत.”

“उघडलं असतं.” आक्कांनी चादरीची कड मुठीत धरली. “उघडलंच असतं. आणि पोरं गेली असती.”

“कदाचित.”

“चौतीस होती. मीच दूध पाजायचे. त्यातलं एकसुद्धा कधी मला भेटायला आलं नाही, हे माहीत आहे का तुला?” त्या हसल्या की काय झालं, ते कळलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला, खटखटचा हात धरायला नव्हे, कागद मागायला. पानं घेऊन त्यांनी ती उशीखाली सारली. “पुढच्या गुरुवारी ये. तिने काय घातलं होतं ते सांग. चेहरा कसा दिसत होता ते सांग. घाईत सांगू नकोस.”

म्हणून ती जात राहिली. त्या सबंध हिवाळ्यात दर गुरुवारी आक्का तेच विचारायच्या आणि ती तेच सांगायची. राखाडी शाल, डोक्यावरून घेतलेली. उजवा हात भिंतीवर. ओठ कोरडे पडलेले. “राखाडी नव्हती, तपकिरी होती,” आक्का दुरुस्त करायच्या. “मीच दिली होती.” मग पुढच्या खेपेला खटखट तपकिरी म्हणायची. कधी आक्का रागावून तोंड फिरवायच्या आणि तासभर बोलायच्या नाहीत. ती बसून राहायची. दोघींनी पूर्वी गप्पा मारल्या होत्या, वॉर्डाच्या मुख्य सिस्टरच्या नकला करून पोट धरून हसल्या होत्या, तसलं काही आता उरलं नव्हतं. बिस्किटं मात्र आक्का पुन्हा खाऊ लागल्या. एकदा म्हणाल्या, “परत चालताना तिने मागे वळून बघितलं का?” खटखटने सांगितलं, “मी झडप लावली होती, आक्का. मला माहीत नाही.” आक्का म्हणाल्या, “बरं.”

थंडी सरता सरता एका गुरुवारी ती जिना चढून गेली, तर भिंतीलगतच्या खाटेवर गादीची गुंडाळी होती.

“सोमवारी दुपारी गेल्या,” कामावरची सिस्टर म्हणाली. ती नवीन होती, लहानशी मुलगी. “मंगळवारी माती दिली. तुम्हाला कळवायला हवं होतं का? नातेवाइकांच्या रकान्यात कुणाचंच नाव नव्हतं.”

“उशीखाली काही कागद होते.”

“त्यांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. शवपेटीत ठेवलेत, त्यांच्या हाताखाली.”

खटखट तशीच दफनभूमीत गेली. संस्थेच्या लोकांची रांग मागच्या भिंतीशी होती. ओल्या मातीचा एक ढीग, त्यावर नंबराची लाकडी पट्टी. कबर खणणारा म्हातारा बाजूला दुसरा खड्डा आखत होता. ती बराच वेळ उभी राहिलेली पाहून तो फावडं टेकून जवळ आला.

“तुमच्या कोण लागत होत्या?”

तिने उत्तर शोधलं. मैत्रीण म्हणायला जीभ धजेना, ओळखीच्या म्हणणं खोटं झालं असतं. “त्यांच्या आईला मी शेवटचं पाहिलं होतं,” ती म्हणाली.

त्याला काही उमगलं नाही. त्याने सवयीने मान डोलावली, दोरी ताणून पुन्हा माप घ्यायला लागला. ती भिंतीकडेने हळूहळू फाटकापर्यंत आली आणि बसथांब्यावर इतर माणसांच्या मागे उभी राहिली.